जावईबापूंच्या घड्याळासाठी मुंबई गाठण्याआधी

नाशिकच्या रविवार कारंजाच्या मागच्या बोळात आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, काचेचं एक टेबल, दोन स्टुलं आणि सेलच्या डब्या. वडील बसायचे, आता मी बसते. डोळ्याला भिंग लावून बसलेली बाई बघून अजूनही एखादा विचारतो, "दुकानात कोणी नाही का?"

मार्चअखेरीला दिंडोरीकडचे एक नाना आले. द्राक्षाचा माल चांगल्या भावानं गेला होता, मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात सासऱ्यांनी एचएमटी दिलं होतं, ते मनगटावरच होतं. आता जावईबापूंना "काहीतरी नाव घेण्यासारखं" द्यायचं होतं. मोबाईलमध्ये पुतण्यानं चार फोटो काढून दिले होते. टॉमी हिलफिगर, एम्पोरिओ अरमानी, गुची, एर्मेस. "ताई, चारही ब्रँडेडच आहेत ना? मग ह्यात हे वीस हजाराला आणि हे लाखांत कसं?"

हाच प्रश्न महिन्याला दोन-तीन जण विचारतात, म्हणून नानांना जे सांगितलं ते नीट लिहूनच काढते.

पहिली गोष्ट, डायलवरचं नाव झाका आणि मशीन कोणाचं ते विचारा. आम्ही लोक घड्याळाच्या आतल्या यंत्राला मशीनच म्हणतो. कपड्यांच्या कंपन्यांची बरीचशी घड्याळं त्या कंपन्या बनवतच नाहीत. नाव परवान्यावर दिलेलं असतं. एम्पोरिओ अरमानी, मायकल कॉर्स, डिझेल ही घड्याळं अमेरिकेतली फॉसिल कंपनी करते. टॉमी हिलफिगर, ह्यूगो बॉस, कोच ही मोवाडो ग्रुपकडची. मागचं झाकण उघडलं की बहुतेकांत जपानी किंवा चिनी क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं मशीन निघतं. ते वाईट असतं असं नाही. वेळ चोख दाखवतं, बिघडलं तर दुसरं मशीन शंभरांच्या हिशेबात बसवून देते मी. पण त्याला लग्झरी म्हणून कोणी विकत असेल तर डोकं थंड ठेवा. तो नावाचा भाडेपट्टा आहे. कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला द्यायला उत्तम.

दुसरी जात म्हणजे ज्या घराण्यांनी स्वित्झर्लंडमध्ये स्वतःचा कारखाना काढला किंवा विकत घेतला. इथे बघण्यासारखं पुष्कळ आहे.

एर्मेस मूळचे घोड्यांचं खोगीर-लगाम करणारे, कातड्याचे कारागीर. 1912 सालचा त्यांच्या घरातल्या मुलीचा एक फोटो आहे, तिच्या मनगटावर चामड्याच्या पट्ट्यात बसवलेलं खिशातलं घड्याळ दिसतं. म्हणजे ह्या घराण्यात पट्टा आधी आला, घड्याळ मागून. घड्याळांची वेगळी कंपनी त्यांनी 1978 मध्ये बिएन गावात काढली आणि 2006 मध्ये वोशे नावाच्या मशीन करणाऱ्या कारखान्यात चौथा हिस्सा घेतला. त्यामुळे त्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळात, बरेचदा वोशेचं मशीन असतं. त्यांचं केप कॉड 1991 चं, आयतात चौरस बसवलेला. मनगटाला दोन वेढे घेणारा पट्टा त्याला 1998 मध्ये मार्टिन मार्जिएला या डिझायनरनं दिला. केप कॉडची बरीचशी घड्याळं सेलवर चालतात. तरी मला ते आवडतं, कारण तो आकार त्यांचाच आहे, कोणाकडून उसना आणलेला नाही.

शनेलचंही तसंच. 1987 चं प्रीमिएर, अष्टकोनी, त्यांच्या अत्तराच्या बाटलीच्या बुचाच्या आकाराचं. डायलवर आकडे नाहीत, सेकंद काटा नाही. वेळ बघायला घेणाऱ्यानं घेऊ नये. मग 2000 मध्ये जे12 आलं, काळ्या सिरॅमिकचं. सुरुवातीच्या ऑटोमॅटिकमध्ये एटा या स्विस मशीन करणाऱ्या कंपनीचं 2892 मशीन असायचं. 2019 मध्ये ते बदलून केनिसी कारखान्याचं मशीन आलं. चावी पूर्ण भरली की सत्तर तास चालतं, आणि त्या कारखान्यात शनेलची भागीदारी आहे. कागदावर नवं सरस, यात वाद नाही. पण माझ्यासारखीला विचाराल तर जुन्यातलं एटा हे ओळखीचं मशीन. कुठल्याही शहरातला जाणता घड्याळजी ते खोलू शकतो. नव्याला कंपनीच्या दारातच जावं लागतं. जुनं-नवं ठरवताना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

लुई वित्तोंचं तांबूर 2002 चं, ढोलासारखं, खाली रुंद आणि वर निमुळतं. त्यांनी 2011 मध्ये जिनिव्हातली एक कार्यशाळा विकत घेतली आणि 2023 मध्ये तांबूर नव्यानं काढलं, किंमत कितीतरी पटीनं वर नेऊन. गुचीची घड्याळं आधी परवान्यावरच व्हायची. 1997 मध्ये त्यांनी तो कारखानाच घेऊन टाकला. म्हणजे पहिल्या जातीतून दुसऱ्या जातीत येता येतं.

कार्तिये आणि बुल्गारी यांना मी या यादीत धरत नाही. ते सराफ. कार्तियेचं टँक 1917 चं आहे, बहुतेक घड्याळ कंपन्या तेव्हा खिशातलीच घड्याळं करत होत्या.

आता डायलच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली बघा. तिथे 'स्विस मेड' लिहिलेलं असेल तर त्याला कायदा आहे. मशीन स्विस, जोडणी आणि शेवटची तपासणी स्वित्झर्लंडमध्ये, आणि 2017 पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चातला किमान 60 टक्के भाग तिथला. 'स्विस मूव्हमेंट' एवढंच लिहिलं असेल तर फक्त मशीन तिकडचं, बाहेरची डबी आणि काटे कुठलेही. एका शब्दाचा फरक, पण मी त्यावरून ग्राहकांची भांडणं सोडवली आहेत.

सेलचं की चावीचं? दुकानातला मुलगा ऑटोमॅटिकची भलामण करेल. रोज घालणार असाल तर घ्या. पण फक्त लग्नाकार्याला घालायचं असेल तर ऑटोमॅटिक दोन दिवसांत थांबतं, दर वेळी वेळ-तारीख लावत बसायचं आणि काही वर्षांनी सर्व्हिसिंगला मोठा खर्च. अशा माणसाला मी सेलचंच सुचवते आणि त्यात कमीपणा मानू नका म्हणते. फक्त बंद पडलेला सेल कपाटात ठेवू नका, तो गळून मशीन खातो. बऱ्याच क्वार्ट्झ घड्याळांत सेकंद काटा चार-चार सेकंदांच्या उड्या मारायला लागला की सेल संपत आलाय असं समजायचं.

सिरॅमिकबद्दल थोडं जास्त बोलते, कारण मार खाल्लाय. झिर्कोनियम ऑक्साईडची पूड साच्यात दाबून भट्टीत भाजतात. त्यावर सहजी ओरखडा उठत नाही, वर्षानुवर्षं नव्यासारखं दिसतं. पण ते वाकत नाही, तुटतं. एका बाईंच्या घड्याळाचा पांढरा पट्टा लहान करताना पिन निघेना, मी जरा जोर लावला आणि कडी टचकन दोन तुकडे. स्टीलची असती तर ठोकून सरळ केली असती. तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं तर त्यांनी साडेतीन महिने घेतले आणि एका कडीचं जे बिल लावलं त्यात आमच्या दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं निघालं असतं. ते मी भरलं. तेव्हापासून सिरॅमिकला हात लावत नाही. तुम्हीही घेतानाच शोरूममध्ये मनगटाच्या मापाचं करून घ्या आणि काढलेल्या कड्या डबीत घालून मागून घ्या. विसरू नका.

पाण्याचं. '30 मीटर' म्हणजे तीस मीटर खोल जाता येतं असं नाही. हात धुताना शिंतोडे उडाले तर चालेल, इतकंच. 50 ला पावसात भिजलेलं चालतं, पोहायचं असेल तर 100 बघा. रामकुंडावर डुबकी मारायची असेल तर काहीही लिहिलेलं असो, घड्याळ घरच्यांच्या हातात द्या. आणि कातडी पट्टा नाशिकच्या जुलैत टिकत नाही. घाम आणि ओल बसली की आतून काळा पडतो, वास मारतो. पावसाळ्यासाठी रबरी पट्टा जोडीला घ्या, पण आधी बघा की बसतो का. या घराण्यांच्या कित्येक घड्याळांत पट्टा अडकवायची खाच त्यांच्याच मापाची असते, मेन रोडवरचा पट्टा त्यात जात नाही.

पैशाबद्दल नानांनी विचारलं, "पुढेमागे विकलं तर?" मी सराफ बाजाराकडे बोट दाखवलं. सोन्याची मोड येते, याची नाही. फॅशन घराण्याचं घड्याळ दुकानाबाहेर पडलं की भाव उतरतो, क्वार्ट्झचा तर धाडकन. मात्र हेच उलटं करून बघा. कागदपत्रांसकट जुनं मिळत असेल तर घासाघीस करायला जागा असते. फक्त घेण्याआधी कोणाकडून तरी झाकण उघडून बघा. 'फर्स्ट कॉपी', म्हणजे हुबेहूब नक्कल, आता फोटोत ओळखू येत नाही. हातात घेतल्यावर येते. खरं सिरॅमिक असेल तर प्लास्टिकपेक्षा गार आणि जड लागतं, अस्सल डायलवरची अक्षरं भिंगाखाली कडेला फुटत नाहीत. आणि डायलवर 'ऑटोमॅटिक' लिहून सेकंद काटा टक-टक थांबत चालत असेल तर हसून परत द्या.

नाशिकात यातली वरची घराणी मिळत नाहीत. कॉलेज रोडच्या शोरूममध्ये पहिल्या जातीची दिसतील, ती मनगटावर घालून माप तरी कळेल. बाकीला मुंबई. पंचवटी एक्सप्रेसनं सीएसएमटीला उतरलं की हॉर्निमन सर्कलला एर्मेसचं दुकान पायी पंधरा मिनिटांवर. लुई वित्तों, गुची, डिओर बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड प्लाझात. दोन लाखांच्या वर पॅन लागतो आणि तेवढी रोकड चालत नाही. नाना बागेचे पैसे पिशवीत घेऊन निघाले होते, त्यांना आधी बँकेत पाठवलं. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर 22 एप्रिल 2025 पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे दुकानदारानं ग्राहकाकडून गोळा करायचा कर, घेतात, तो रिटर्न भरताना जमा धरता येतो. वॉरंटी कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का तुमच्यासमोर मारून घ्या.

नानांना एका कागदावर चार प्रश्न लिहून दिले होते. मशीन कोणाचं, किती तास चालतं, सर्व्हिसिंग भारतात होतं की बाहेर जातं, पट्टा दुसरा बसतो का. ते मुंबईला एर्मेसच्या दुकानात गेले त्या दुपारी फोन आला, आवाज दबलेला. "ताई, विचारलं. पोरगा आत गेलाय विचारायला. मला चहा दिलाय." अर्ध्या तासानं पुन्हा फोन. एच08 नावाचं, टायटॅनियमचं, वोशेचं मशीन, पन्नास तास, 100 मीटर, पट्टा रबरी. जावई पवईला बोटीत की कुठेशी वल्ही मारतात, त्यांना चालेल म्हणाले.

"आणि नाना, कार्डावर शिक्का?"

"थांब," म्हणाले आणि फोन चालू ठेवूनच काउंटरकडे गेले.