वाढीव खोलीचा आराखडा : बांधण्याआधी करावयाचे हिशेब

नाशिकच्या सिडको वस्तीतील आमच्या घराच्या मागच्या अंगणात आम्ही एक खोली बांधली आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागू लागला. ओट्यासमोरची खिडकी पूर्वी अंगणात उघडत असे. ती आता नव्या खोलीत उघडू लागली आणि फोडणीचा धूर थेट तिथल्या गादीवर जाऊन बसू लागला. खोली मिळाली, पण चांगले स्वयंपाकघर गेले. नाशिकमध्ये घर वाढवू पाहणाऱ्या ओळखीच्या कुटुंबांना मी म्हणून आधी एवढेच सांगतो, की वाढीव बांधकाम जुन्या घराकडून काहीतरी काढून घेतेच: कधी उजेड, कधी वारा, कधी पायाची ताकद, तर कधी सांडपाण्याची वाट. नेमके काय जाणार आणि त्याची भरपाई कशी करायची, हे मिस्त्री दारात येण्याआधी कागदावर ठरवलेले असावे.

सुरुवात आहे त्या घराच्या नकाशापासून करावी. मंजूर नकाशाची प्रत हाताशी नसेल तर फीत घेऊन स्वतः मापे घ्यावीत आणि चौकटीच्या कागदावर घर काढावे. त्यात भिंतींची जाडी, दारे कोणत्या बाजूला उघडतात, ड्रेनेजचे चेंबर, पाण्याची जमिनीतली टाकी आणि वीजमीटरची जागा हे सगळे दाखवावे. त्यानंतर आठवडाभर सकाळी आठ, दुपारी एक आणि सायंकाळी पाच वाजता ऊन कोणत्या भिंतीवर येते, याची नोंद ठेवावी. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु पश्चिमेकडे निजायची खोली काढून एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहापर्यंत तापलेल्या भिंतीशेजारी झोपण्यापेक्षा ते सोपे आहे. पश्चिमेला जिना, मोरी, कपाटाची भिंत किंवा साठवणीची जागा द्यावी, म्हणजे त्या बाजूची उष्णता निजायच्या खोलीपर्यंत पोहोचण्याआधी अडते. पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो, त्यामुळे तिथल्या प्रत्येक खिडकीवर किमान दीड-दोन फुटांचा छज्जा हवा.

वाढवायचे कुठे, याला साधारण तीन उत्तरे असतात: मागे, बाजूला किंवा वर. माळा काढणे अथवा बाल्कनी बंदिस्त करणे हे चौथे उत्तर अनेकांना स्वस्त वाटते, पण त्याने राहण्याची जागा फारशी वाढत नाही, फक्त सामानाची वाढते. मागे किंवा बाजूला वाढवायचे तर भूखंडाच्या हद्दीपासून सोडावयाचे सामासिक अंतर पाहावे लागते. रांगेतल्या घरांमध्ये शेजाऱ्याची आणि आपली भिंत बहुधा सामाईक असते. तिच्यावर भार टाकायचा असेल तर आधी शेजाऱ्यांशी बोलून लेखी संमती घ्यावी. चहा पिताना दिलेला होकार स्लॅबच्या दिवशी आठवत नाही, हा माझा अनुभव आहे.

वर वाढवणे मात्र वेगळे प्रकरण आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. घर आरसीसी कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभे आहे की नऊ इंची विटांच्या भारवाही भिंतींवर, हे सर्वप्रथम समजून घ्यावे. दहा बाय बारा फुटांची एक खोली वर चढवायची, असे धरा. तिचा पाच इंची स्लॅबच साडेतीन टनांच्या आसपास भरतो. भोवतीच्या दहा फूट उंच भिंती नऊ इंची विटांच्या केल्या तर दारे-खिडक्या वजा जाताही त्यांचे वजन पंधरा टनांच्या घरात जाते. त्याच भिंती कॉलम-बीमच्या चौकटीत सहा इंची एएसी ब्लॉकने, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांनी, भरल्या तर, गिलावा सोडून, चार टनांच्या आत राहतात. छत स्लॅबऐवजी लोखंडी कैच्यांवर पफ पॅनेलचे, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या फळ्यांचे, केले तर साडेतीन टनांचे काही शे किलोंवर येते, अर्थात पावसाचा आवाज वाढतो आणि त्यावर पुन्हा मजला चढवण्याचा विचार सोडावा लागतो. जुन्या पायाला नेमके किती पेलवते, हे सांगण्याचा अधिकार स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे. शेजारच्याने तिसरा मजला चढवला, हा पुरावा नव्हे. नाशिक आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे भूकंप विभाग ३ मध्ये येते, त्यामुळे हिशेब केवळ उभ्या भाराचा नसतो, घर आडवे हलले तर वरचा मजला खालच्या भिंतींना कसा ओढेल, याचाही असतो.

नाशिकच्या अनेक गच्च्यांवर कॉलमच्या डोक्यावर सोडलेल्या सळया दिसतात. मुलांची लग्ने झाली की मजला चढवू, या आशेने त्या सोडलेल्या असतात आणि पंधरा-वीस पावसाळे खाऊन गंजलेल्या असतात. नव्या कॉलमची सळई जुन्या सळईला जोडताना दोन्ही एकमेकींवर जितक्या लांबीत येतात, ती लांबी सळईच्या व्यासाच्या सुमारे ५० पट ठेवण्याचा प्रघात आहे; म्हणजे १६ मिलिमीटरच्या सळईला सुमारे ८०० मिलिमीटर, अर्थात अडीच फुटांहून थोडे अधिक. गच्चीवर फूट-दीड फूट बाहेर असलेल्या गंजक्या सळईवर हे जमत नाही. इंजिनिअरकडून गंजलेला भाग काढून घेऊन, कॉलममध्ये भोके पाडून रसायनाने नव्या सळया बसवून घ्याव्या लागतात, आणि त्याचा खर्च ठेकेदाराच्या पहिल्या अंदाजपत्रकात क्वचितच असतो.

खालीच वाढवायचे असले तरी पाया सुटत नाही. शहराच्या ज्या वस्त्या जुन्या मळ्यांच्या जमिनीवर वसल्या आहेत तिथे वरचा थर काळ्या मातीचा असतो; ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून घराच्या कोपऱ्याशी एक खड्डा घेऊन जुना पाया किती खोल आहे आणि मुरूम किंवा खडक कुठे लागतो, हे डोळ्यांनी पाहावे. नवा पाया काळी माती ओलांडून पक्क्या थरावर न्यावा, प्लिंथमध्ये, म्हणजे जोत्यात, काळी माती न भरता मुरूम भरून चोपावा, आणि जुन्या पायालगत त्याच्याहून खोल चर एकाच दमात सलग खणू देऊ नये. थोडे थोडे करून खणावे व भरावे.

जुने घर केव्हाच बसून स्थिर झालेले असते, नवे मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांत बसते. आमच्या मिस्त्रींनी जुन्या आणि नव्या भिंतीवरून एकसंध गिलावा फिरवला; काम इतके सफाईदार होते, की सांधा शोधूनही सापडत नव्हता. पहिल्याच पावसाळ्यानंतर छतापासून जमिनीपर्यंत सरळ उभी भेग पडली. आम्ही ती तीनदा भरली आणि ती तीनदा उघडली. नंतर दुसऱ्या इंजिनिअरांनी सांगितले, की तिथे मुळातच २५ मिलिमीटरची फट ठेवून ती लवचीक भरावाने भरायला हवी होती, आणि वरून एका बाजूलाच स्क्रू केलेली ॲल्युमिनिअमची पट्टी लावायला हवी होती. छतावर हाच सांधा पाणी आत घेतो. तिथे दोन्ही बाजूंना चार-सहा इंचांचे बांध उचलून वर टोपी बसवावी. जुने आणि नवे एकजीवच करायचे असेल तर ते गिलाव्याने होत नाही, सळयांनी आणि इंजिनिअरच्या आकडेमोडीने होते.

आता उजेडाकडे येऊ. राष्ट्रीय इमारत संहितेने कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या एक दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश एवढी उघडीप सांगितली आहे. दहा बाय बाराच्या खोलीला पहिल्या हिशेबाने बारा चौरस फूट पुरतात, पण मी वीस धरतो, कारण नाशिकचे चार महिने दमटच असतात आणि खिडकीचा अर्धा भाग नेहमी सरकत्या काचेने अडलेला असतो. शक्य तिथे खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत द्याव्यात. खरी अडचण नव्या खोलीची नसतेच. तिला तीन बाजू मोकळ्या मिळतात. अडचण तिच्यामागे झाकल्या जाणाऱ्या जुन्या खोलीची असते. जुन्या नाशकातल्या वाड्यांनी हा प्रश्न चौकाने सोडवला होता: भोवती कितीही खोल्या वाढोत, मधला चौक आकाशाला उघडा राही. आपल्या छोट्या भूखंडावर तसा चौक शक्य नाही, तरी जुने स्वयंपाकघर आणि नवी खोली यांच्यामध्ये पाच बाय सहा फुटांची उघडी जागा सोडता येते. तीस चौरस फूट गेल्याचे दुःख होते, पण त्यात तुळस राहते, कपडे वाळतात आणि कुकरची वाफ बाहेर जाते.

तेवढीही जागा नसेल तर छतातून उजेड घ्यावा. नाशिक जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. स्लॅबमध्ये सपाट काच बसवली तर नेमक्या त्याच दिवसांत ती ओट्यावर ऊन ओतते. त्याऐवजी छताचा तो तुकडा दोन फूट उचलून उत्तरेकडे उभी काच आणि तिच्याखाली झडपा द्याव्यात. आम्ही शेवटी दोन बाय तीन फुटांची अशीच खिडकी करून घेतली. तयार स्लॅब कापण्यासाठी पुन्हा इंजिनिअर, पुन्हा मशीन आणि घरभर पांढरी धूळ, असे सगळे करावे लागले. आधी आखले असते तर ती खिडकी सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखालचा साचा बांधण्याच्या, वेळीच झाली असती.

जिन्याचा हिशेब बहुतेकांकडून राहतो. एका मजल्यावरून दुसऱ्यावर दहा फूट चढायचे असेल आणि पायरी सात इंच उंच, दहा इंच रुंद ठेवली तर सतरा चढ लागतात. मध्ये वळण घेणारा तीन फुटी जिना साधारण पावणेदहा बाय साडेसहा फूट, म्हणजे साठाहून अधिक चौरस फूट जागा घेतो. वर एकशे वीस चौरस फुटांची खोली मिळवण्यासाठी खाली त्याच्या निम्मी जागा जिन्याला द्यावी लागते, हे लक्षात घेऊन बाहेरून जिना काढण्याचा विचार करावा. घरात गुडघे दुखणारी माणसे असतील तर वर मुलांना पाठवावे, आणि वाढीव जागेतून खालीच त्यांच्या खोलीला लागून संडास-बाथरूम द्यावे. संहितेनुसार राहण्याच्या खोलीला ९.५ चौरस मीटर क्षेत्र व २.४ मीटर रुंदी आणि एकत्रित संडास-बाथरूमला २.८ चौरस मीटर हे किमान आहे; किमानावर समाधान मानले तर पलंग आणि कपाट यांतून एकाची निवड करावी लागते.

परवानगी हा आराखड्याचाच भाग आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर करता येणारे एकूण बांधकाम, किती शिल्लक आहे आणि सामासिक अंतर किती सोडायचे, हे तिच्यावरून, समोरच्या रस्त्याच्या रुंदीनुसार ठरते. आर्किटेक्टकडून वाढीव बांधकामाचा प्रस्ताव महापालिकेच्या नगररचना विभागाकडे दाखल करून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र घ्यावे आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र घ्यायला विसरू नये. घर विकताना किंवा कर्ज काढताना त्याचीच विचारणा होते. जमीन भाडेपट्ट्यावर असेल तर पट्टा देणाऱ्याची ना-हरकतही पाहावी. गोदावरी, नासर्डी किंवा वाघाडीच्या काठाजवळ राहणाऱ्यांनी निळी आणि लाल पूररेषा आधी तपासावी. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. २००८ आणि २०१६ चे पूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना जोत्याची उंची वेगळी सांगावी लागणार नाही.

कामाचे वेळापत्रक पावसाकडून उलटे मोजावे. दिवाळीनंतर पाया खणला तर मार्चपर्यंत स्लॅब पडतो आणि मेअखेर गच्चीचा कोबा पूर्ण होतो. स्लॅबखालचे टेकू काढण्याची घाई ठेकेदाराला असते, कारण सेंटरिंगचे सामान त्याला पुढच्या कामावर न्यायचे असते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे टेकू सात दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवस राहिले पाहिजेत. हे आकडे करारातच लिहून घ्यावेत. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे आणि निदान दहा दिवस ते आटू देऊ नये. मार्चच्या उन्हात सकाळी भरलेले पाणी संध्याकाळी दिसत नाही, म्हणून ही जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी. आतला रंग देण्यापूर्वी पावसाळी पाण्याची तोंडे बंद करून गच्चीवर तीन इंच पाणी तीन दिवस उभे करावे, रोज खालून बॅटरी मारून छत पाहावे आणि जिथे ओल दिसेल तिथे खडूने गोल करून तारीख लिहावी. शेवटचा हप्ता ते गोल सुकल्यावर द्यावा.