शेवटचे तीन किलो हटत नाहीत? या चुका टाळा

पंधरा किलो उतरले, कपडे सैल झाले, जिना चढताना लागणारी धाप गेली. आता ध्येय हाताशी आलं आणि काटा जागचा हलेना. जेवण तेच, चालणं तेच, तरी दीड महिना ६३ म्हणजे ६३. बरीच माणसं इथेच वैतागून सगळं सोडून देतात आणि वर्षभरात गेलेलं वजन परत येतं. याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेकांच्या शरीरात काहीच बिघडलेलं नसतं. सुरुवातीला हिशोबात दहा चुका खपून जात होत्या. आता एकही खपत नाही.

जुना हिशोब नव्या शरीराला लावणं

समजा एक बाई ४२ वर्षांच्या आहेत, उंची १६० सेंटिमीटर, बैठी नोकरी आणि घरकाम. वजन ७८ किलो होतं तेव्हा त्यांच्या शरीराला दिवसाला साधारण १९७० कॅलरी लागत होत्या. रोज १५०० खाल्ल्या की ४७० ची तूट पडायची. आठवड्याला चारशे ग्रॅमच्या वर वजन उतरायचं आणि ते काट्यावर दिसायचं. आज वजन ६३ आहे. लहान शरीराला कमी लागतं, म्हणजे १७६० च्या आसपास. त्याच १५०० कॅलरींवर तूट आता २६० ची उरली. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. गणित करून बघा, एक किलो उतरायला पूर्ण महिना लागतो, तोही एकही दिवस न चुकता.

त्यात कमी खाणारं शरीर नकळत हालचालही कमी करतं. जिन्याऐवजी लिफ्ट, उभ्याने करायचं काम बसून, दुपारी अंमळ जास्त पडणं. हे आळसाने होत नाही, शरीर शक्ती वाचवत असतं. दीडशे-दोनशे कॅलरी तिथेच जातात.

रोजच्या आकड्यावरून निकाल लावणं

महिन्याला जेमतेम एक किलो उतरणार आणि शरीरातलं पाणी एका दिवसात एक-दीड किलो इकडचं तिकडे होणार. मग उतरलेलं वजन काट्यावर दिसणार कसं? रात्री खारट, झणझणीत शेवभाजी झाली की सकाळी काटा वर. पाळीच्या आधीचे चार-सहा दिवस काटा वर. पोट साफ झालं नाही, नवा व्यायाम सुरू करून अंग आंबलं, रात्री भात-पोळी जास्त झाली, तरी काटा वर. भात-पोळीतली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. एका रात्रीत एक किलो चरबी चढवायची, तर खर्चापेक्षा ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. तेवढं कुणी जेवत नाही.

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून बघा. बायकांनी तर मागच्या महिन्याच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी ताडावी. सोबत बेंबीच्या पातळीवर टेपने कंबर मोजा. चार आठवड्यांत सरासरी आणि कंबर दोन्ही हलली नाही, तरच वजन अडलं म्हणायचं. त्याआधी जेवणात काही बदलू नका.

तेल अंदाजाने घालणं

आपल्याकडे सगळ्यांत जास्त कॅलरी इथे निसटतात, म्हणून यावर जरा थांबू.

खान्देशी स्वयंपाकाची गोडीच मुळी तेल-खोबऱ्या-शेंगदाण्यात आहे. काळ्या मसाल्याचं वाटण घ्या. कांदा तेलात परतायचा, सुकं खोबरं भाजायचं, मग तेल सुटेपर्यंत सगळं परतायचं आणि वर तर्री आली की भाजी जमली. पाटोडीची भाजी असो की शेवभाजी, रीत तीच. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, म्हणजे पोह्याच्या एका चमच्यात पन्नासच्या आसपास. सुक्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये ६५० च्या वर आणि शेंगदाण्यात ५५० च्या वर. रस्सा ओरपताना यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. "मी तर एकच भाकरी खाते" हे अगदी खरं असतं, पण भाकरीसोबतच्या वाटीत दुसऱ्या दोन भाकरींइतक्या कॅलरी असतात.

तुमची पळी किती मोठी आहे ते एकदा मोजा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाच्या रेघा असलेलं झाकण असतं. ते धुऊन घ्या आणि पळीत पाणी भरून त्याने मोजा. कुणाची पळी १५ मिलीची निघेल, कुणाची ४० ची. फोडणीत "दोन पळ्या" घालणाऱ्या दोन घरांमध्ये चारशे कॅलरींचा फरक असू शकतो.

त्याहून सोपा हिशोब महिन्याच्या किराण्यातून निघतो. घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती लागतं, एवढं बघा. चार माणसांना ५ लिटर लागत असेल, तर माणशी सव्वा लिटर झालं. म्हणजे दिवसाला साधारण ३४५ कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेच ३ लिटरवर आणलं, तर माणशी रोजच्या १३५-१४० कॅलरी वाचतात. वर २६० ची तूट पाहिली ना? तिच्या निम्म्याहून जास्त इथेच मिळाली, आणि ताटातला एक घासही कमी झाला नाही. महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवा आणि त्यात भागवा. शेवभाजीची शेव पातेल्यात न सोडता ताटात घ्या, म्हणजे मूठ किती भरली ते दिसतं.

अमेरिकेत १९९२ साली एक छोटा अभ्यास झाला. कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या माणसांचं खाणं आणि खर्च प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजला. ती माणसं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणं सांगत होती आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. त्यांच्या चयापचयात दोष सापडला नाही. ती खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. अंदाज माणसाला असाच फसवतो, आणि जेवण वाढणारा हात मायेचा असेल तर आणखीच.

आठवडाभर कमावलेलं रविवारी घालवणं

हिवाळा आला की आसोदा-बामणोदची वांगी येतात आणि शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. तुरकाठ्यांवर भाजलेल्या वांग्याचा तो धुरकट वास, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. हे सोडा असं मी सांगणार नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि वांगं स्वतः फारच हलकं, १०० ग्रॅममध्ये पंचवीस कॅलरी. कॅलरी वाढतात त्या त्यातल्या तेल-शेंगदाण्याने आणि सोबतच्या कळण्याच्या पुऱ्यांनी. सहा-सात पुऱ्या, तेलात न्हालेलं भरीत, वर जिलेबी किंवा शिरा असं झालं, की त्या दिवसाची बेरीज सहज अडीच हजारांवर जाते. १५०० च्या जागी अडीच हजार, म्हणजे हजार जास्त, म्हणजे चार दिवसांची तूट एका दुपारी संपली. शनिवारी रात्री वरण-बट्टी झाली असेल, तर आठवडाच संपला.

पुरीऐवजी कळण्याची भाकरी घ्या. ज्वारी आणि उडदाची ही भाकरी पोटाला जास्त वेळ धरते. गोड आणि तळलेलं यातलं एकच निवडा. दोन्ही दिवशी जेवणाचं आमंत्रण असेल तर एका दिवशी घरचं साधं खा.

अडलं म्हणून आणखी उपाशी राहणं

ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते. रात्रीचं जेवण बंद, मग सकाळचं बंद, मग हजार कॅलरी. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ती मुलं थकली, चिडचिडी झाली, सतत अन्नाचाच विचार करू लागली, त्यांची हालचाल मंदावली आणि अंगावर सूज आली. सूज म्हणजे पाणी, आणि पाणी काट्यावर वजनच दाखवतं. आपल्याकडे त्यात केस गळणं, पाळी चुकणं, चक्कर येणं याची भर पडते. शेजारीण म्हणते, "काय वं माय, कितली वाळी गयी तू!" आणि त्याच संध्याकाळी भूक अनावर होऊन फरसाणाचा डबा उघडतो.

उपासाचंही तेच. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, तळलेले पापड यांचा एक उपास रोजच्या दोन जेवणांहून जड पडतो.

नुसतं चालणं आणि प्रथिनं विसरणं

पहाटे जळगावच्या मेहरूण तलावावर फिरायला येणारी माणसं बघून समाधान वाटतं. पण ६३ किलोच्या माणसाचे तासभर भरभर चालून सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी खर्च होतात, आणि येताना एक कचोरी खाल्ली तर त्या भरून निघतात. चालणं सोडू नका, त्याला ताकदीच्या व्यायामाची जोड द्या. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या किंवा डंबेल उचलणं. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, ते यानेच टिकतात. वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर गेला की दिवसभराची पावलं निम्म्यावर येतात. तेव्हा व्यायाम घरात, पहाटे.

प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम धरली तर ६३ किलोला ७५ ग्रॅम लागतात. ३० ग्रॅम डाळीत ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांत १५, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८. पातळ वरणाच्या एका वाटीवर ही बेरीज होत नाही. खान्देशी झणझणीत फौजदारी डाळ घट्ट करा, तेल मोजून. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रथिनं वाढवावीत.

एकदम सगळं बदलणं

आधी दोन आठवडे काहीही न बदलता सगळं मोजून लिहा. चहातली साखर, भाजीची चव घेताना खाल्लेलं, नातवाच्या ताटात उरलेलं, सगळं. गळती सापडली तर तेवढीच बंद करा. नाही सापडली, तर दिवसाच्या शंभर-दीडशे कॅलरी कमी करा किंवा तेवढी हालचाल वाढवा आणि तीन-चार आठवडे थांबा.

सहा महिने सलग कमी खात असाल तर आठ-पंधरा दिवस विसावा घ्या, म्हणजे शरीराला लागतं तेवढं पूर्ण खा, त्याहून जास्त नाही. अशा विसाव्याने चरबी लवकर घटते का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष वेगवेगळे आहेत, पण मन ताजं होतं हे नक्की. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्यासाठी उत्तम. माहेरी गेल्यावर खापरावरची पुरणपोळी आणि आमरस मजेत खा, त्या आठवड्यात वजन उतरवायचं नाही, राखायचं, असं आधीच ठरवून.

सगळं नीट मोजूनही आठ-दहा आठवडे काही हललं नाही, खूप थकवा आहे, थंडी वाजते, पाळी अनियमित आहे, तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही वजन अडतं. त्या स्वतःहून बंद करू नका. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्या.

आणि ध्येय ६० च का, हेही विचारा. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या खाली चांगला मानतात. १६० सेंटिमीटर उंचीला तो आकडा ५९ किलोच्या जवळ येतो. पण कंबर बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत असेल, साखर आणि रक्तदाब ठीक असेल, अंगात ताकद असेल, तर ६१-६२ वरही थांबता येतं. तिथे थांबायचं ठरलं, तर रोजच्या खाण्यात आधी शंभर कॅलरी वाढवा, दोन आठवड्यांनी आणखी शंभर. सरासरी स्थिर राहिली की तेच तुमचं रोजचं जेवण.