जीनोम ब्राउझर उघडण्याआधी

जीनोम ब्राउझर म्हणजे डीएनएची सगळी अक्षरं आणि त्यांतली जनुकं नकाशासारखी दाखवणारं संकेतस्थळ. यूसीएससीचा जीनोम ब्राउझर काय किंवा एन्सेम्बल काय, दोन्ही फुकट आहेत आणि बघण्यासाठी खातंही काढावं लागत नाही. म्हणून विद्यार्थी थेट जनुकाचं नाव टाकतात आणि रंगीत पट्ट्यांच्या गर्दीत गोंधळून जातात. थोडी तयारी आधी केली तर हे टळतं. उदाहरण सिकलसेलचं घेते. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या कितीतरी घरांत हा आजार आहे, त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा त्याचंच जनुक, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारं एचबीबी, उघडावं असं मला मनापासून वाटतं.

आधी प्रश्न एका वाक्यात वहीत लिहा. ‘एचबीबी बघायचंय’ हा प्रश्न नव्हे. ‘सिकलसेलचा बदल एचबीबीमध्ये नेमका कुठे आहे आणि किती लोकांत सापडतो’ हा प्रश्न. शेजारी त्या बदलाचा डीबीएसएनपी (डीएनएतल्या बदलांची सार्वजनिक नोंदवही) क्रमांक लिहा: आरएस३३४.

मग संदर्भ जीनोमची, म्हणजे ज्याच्यावरून जागा मोजतात त्या नमुना जीनोमची, आवृत्ती पक्की करा. २००९ची जीआरसीएच३७ आणि २०१३ची जीआरसीएच३८ या दोन्ही अजून वापरात आहेत. यूसीएससीवर त्यांनाच एचजी१९ आणि एचजी३८ म्हणतात. आरएस३३४ची जागा ११व्या गुणसूत्रावर जुन्या आवृत्तीत ५२,४८,२३२ आणि नव्या आवृत्तीत ५२,२७,००२ अशी आहे. जुना आकडा नव्या आवृत्तीत टाकलात तर एचबीबी दिसणारच नाही, तुम्ही गॅमा ग्लोबिनच्या एका जनुकाच्या कडेला जाऊन पोचाल. ब्राउझर चूक दाखवणार नाही, कारण तीही खरीच जागा आहे. म्हणून शोधनिबंधातून जागा उतरवताना आवृत्तीचं नाव सोबत उतरवा. आवृत्ती बदलायची असेल तर हातानं वजाबाकी करू नका, जागा एका आवृत्तीतून दुसरीत नेणारं लिफ्टओव्हर हे साधन वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डीएनएचे दोन धागे असतात, सरळ आणि उलटा; जनुक कोणत्या धाग्यावर आहे ते आधीच बघून ठेवा. एचबीबी उलट्या धाग्यावर आहे. जनुकाच्या भाषेत ए जाऊन टी येतो, जीएजीचं जीटीजी होतं, आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. पण ब्राउझर आणि डेटाबेस सरळ धाग्यावरची अक्षरं दाखवतात, तिथे टी जाऊन ए आलेला दिसतो. ए आणि टी एकमेकांच्या जोडीची अक्षरं असल्यामुळे घोटाळा लक्षातही येत नाही: सरळ धाग्यावरचा टी निरोगी, जनुकाच्या वाचनातला टी सिकलसेलचा. निष्कर्ष थेट उलटा होऊ शकतो. इथे घाई करू नका.

प्रतिलेख (जनुकावरून बनणारी आरएनए प्रत, ट्रान्सक्रिप्ट) कोणता, तेही लिहा. एका जनुकाचे अनेक असू शकतात; एमएएनई सिलेक्ट, म्हणजे प्रमाण म्हणून निवडलेला, अशी खूण असलेला घ्या. जुन्या पुस्तकांत हा बदल प्रथिनातल्या सहाव्या स्थानावर सांगितलेला असतो, डेटाबेसमध्ये सातव्या. सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल आता मोजलं जातं, एवढाच फरक.

बदलाचं लोकांतलं प्रमाण बघायला नोमॅड आणि आजाराशी संबंध बघायला क्लिनव्हार हे डेटाबेस उघडून ठेवा. नोमॅडमधला ‘दक्षिण आशियाई’ गट फार ढोबळ आहे. त्यातल्या आकड्यावरून गोंड, भिल्ल किंवा पावरा समाजातलं प्रमाण काढणं मला अजिबात मान्य नाही. सीएसआयआरच्या आयजीआयबी या संस्थेचा इंडिजीनोम्स हा डेटाबेस १,०२९ भारतीयांच्या जीनोमवर उभा आहे, तोही जोडीला पाहा. समाजनिहाय आकडे हवे असतील तर प्रत्यक्ष गावांत झालेल्या तपासणीचे अहवालच शोधावे लागतील.

एक्सेलमध्ये नावं उतरवणार असाल तर रकाना आधी टेक्स्ट करा. काही जनुकांच्या नावांच्या तारखा होत असत, म्हणून २०२०च्या सुमारास ती नावंच बदलावी लागली.

आणि हाताशी खऱ्या रुग्णाचा डेटा असेल तर आयजीव्ही हा संगणकावर चालणारा जीनोम ब्राउझर स्वतःच्या संगणकावर आधीच बसवून घ्या आणि ती फाइल तिथेच उघडा. सार्वजनिक सर्व्हरवर ती चढवू नका, नाव काढून टाकलेलं असलं तरीही.