इंग्रजीत भारी शब्द वापरताय? आधी या चुका टाळा

व्होकॅब वाढवायचं म्हटलं की बहुतेक जण यादी घेऊन बसतात, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज थोडे पाठ. पाठ होतातही, पण मेल लिहायला घेतला की तोच शब्द वाक्यात असा काही बसतो की वाचणारा अडखळतो. स्पेलिंग बरोबर, अर्थ बरोबर, जागा मात्र चुकलेली.

सगळ्यात जास्त घोळ थेसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश, घालतो. म्हणजे दोष त्याचा नाही, रॉजेचा थेसॉरस 1852 मध्ये आला तोच मुळी कल्पनांनुसार शब्दांचे गट पाडून, त्यातला कुठला उचलायचा हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचं असतं. आपण काय करतो, साधा शब्द खोडतो आणि गटातला सगळ्यात अवघड दिसणारा टाकतो. फेमस आणि नोटोरियस दोघांनाही लोक ओळखतात, पण आवडत्या लेखकाला नोटोरियस म्हणालात तर तो कुख्यात झाला. स्लिम म्हटलं तर समोरचा खूश, स्किनी म्हटलं तर तोंड पडतं. चाइल्डलाइक निरागस, चाइल्डिश पोरकट. मराठीत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, मित्राच्या आजोबांबद्दल बोलताना आपण 'वारले' किंवा 'गेले'च म्हणतो, 'मेले' तोंडातून निघत नाही, मग इंग्रजीत आल्यावर हा कान कुठे जातो कोण जाणे!

दुसरी गोष्ट शब्दांच्या जोड्यांची, ज्याला कोलोकेशन म्हणतात. पाऊस हेवी असतो, वारा स्ट्राँग असतो, उलट केलं तर समजतं सगळ्यांना पण खटकतं. डिसिजन मेक करतात, होमवर्क डू करतात, का ते विचारू नका, वापर तसा आहे एवढंच. कॉझ हा शब्द तर गंमतीचा आहे, त्याच्या पुढे सहसा काहीतरी वाईटच येतं, प्रॉब्लेम, डॅमेज, डिले वगैरे, त्यामुळे 'युअर लेटर कॉझ्ड मी हॅपिनेस' हे व्याकरणात बसलं तरी पत्राने काही घोटाळा केल्यासारखं वाटतं.

मग येतो फॉर्मल-इनफॉर्मलचा प्रश्न. मित्राला चॅटवर 'आय शॅल कमेन्स' लिहिणं आणि नोकरीच्या अर्जात 'गॉना' लिहिणं, चूक एकच. याच्या मागे इतिहास पण आहे, 1066 नंतर इंग्लंडात फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांचं राज्य आलं, दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये आणि पुस्तकांत लॅटिन, त्यामुळे एकाच कामासाठी दोन-तीन थरांचे शब्द जमले. आस्क जुना इंग्रजी, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधला. टीचरला शंका विचारली आणि लिहिलं 'आय इंटरॉगेटेड माय टीचर', तर बिचारे टीचर पोलीस चौकीत बसल्यासारखे दिसतात.

'डिस्कस अबाउट' आणि 'एक्सप्लेन मी' या चुका तर सगळीकडे दिसतात. नुसतं डिस्कस, आणि एक्सप्लेन इट टू मी. शब्द शिकताना त्याच्यापुढे काय येतं तेही बघायचं, बस.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांना वाटतं अवघड शब्द पेरले की बँड, म्हणजे स्कोअर, वाढतो. रायटिंगमध्ये एकूण मार्कांतला पाव हिस्सा लेक्सिकल रिसोर्सला, म्हणजे शब्दांच्या वापराला, असतो हे खरं, पण बँड 7 च्या वर्णनातच स्टाइल आणि कोलोकेशनचं भान हवं असं आहे, म्हणजे चुकीच्या जागी टाकलेला भारी शब्द उलट नुकसानच करतो.

शब्द बघायचाच तर ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनच्या लर्नर्स डिक्शनरीत बघा, तिथे फॉर्मल, लिटररी, डिसअप्रूव्हिंग अशी लेबलं असतात जी आपण सरळ ओलांडून अर्थाकडे जातो. वहीत सुटा शब्द लिहू नका, आजूबाजूच्या दोन-तीन शब्दांसकट अख्खा तुकडा लिहा. जोडीबद्दल शंका असली तर कोका नावाचा अमेरिकन इंग्रजीचा कॉर्पस, म्हणजे खऱ्या वापरातल्या मजकुराचा शोधता येणारा संग्रह, आहे, शंभर कोटींहून जास्त शब्दांचा, त्यात एकदा 'डीपली रिग्रेट' टाका, मग 'हायली रिग्रेट' टाका आणि कुठली जोडी किती वेळा सापडते ते आकडे बघा.