दुसऱ्या कडव्याला मुलं पुटपुटतात? माझा अनुभव

जालन्यातल्या आमच्या संडे स्कूलची (चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग) अडचण: भजनाचं ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, दणक्यात, दुसऱ्या कडव्यापासून नुसतं पुटपुटणं. फळ्यावर लिहिलं, मोबाईलवर ट्रॅक लावला, पाठांतराला चॉकलेट ठेवलं. चॉकलेटं तेवढी संपली. वैताग आला होता.

जमलं ते असं. आपली बरीच ख्रिस्ती भजनं अभंगात आहेत. मोठ्या अभंगाचे चार चरण, अक्षरं ६-६-६-४. आधी कडव्याचा अर्थ सांगा. मेंढपाळ आला की पोरं लगेच रानात बसलेल्या धनगराच्या मेंढरांचं सांगायला लागतात, सांगू द्या. मग पेटी बंद, फक्त टाळी, आणि सुरुवात शेवटच्या चार अक्षरांपासून. ती पक्की झाली की अलीकडचा सहा अक्षरी चरण जोडून शेवटपर्यंत म्हणायचं, मग त्याच्या अलीकडचा. असं म्हणताना पुढची ओळ कायम पाठ असलेली येते, म्हणून आवाज पडत नाही. कडवं पूर्ण झाल्यावर दोन गट करा: एकाने तीन चरण, दुसऱ्याने चौथा, नंतर अदलाबदल.

पेटी सगळ्यात शेवटी. सूर मोठ्यांच्या काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) नको. आमच्या पोरांना पांढरी चार मानवली. आठ-आठ अक्षरांच्या छोट्या अभंगालाही हीच रीत चालते, फक्त चरण चार-चार अक्षरांत तोडा.