अँड, ऑर, नॉट : नवशिक्यांनो, या चुका टाळा

सिंटॅक्स चुकला तर कॉम्प्युटर निदान लाल अक्षरांत ओरडतो. लॉजिकल ऑपरेटर (अटी जोडणारे किंवा उलटवणारे अँड, ऑर, नॉट) चुकला तर प्रोग्रॅम छान चालतो, उत्तर तेवढं चुकतं. दरवर्षी नवी बॅच येते, चुका मात्र जुन्याच.

सगळ्यांची लाडकी चूक पायथनमधली :

इफ वार == "रविवार" ऑर "गुरुवार"

सदाशिव पेठेतल्या एका मेससाठी एका विद्यार्थ्याने बिलाचा प्रोग्रॅम लिहिला. रविवारी आणि गुरुवारी फीस्ट, तिचे 40 रुपये जादा. पठ्ठ्याने प्रोग्रॅम तपासला तो नेमका रविवारी. चाळीस रुपये लागले, गडी खूश. महिनाअखेरीला बिलं निघाली, तर प्रत्येकाच्या नावावर रोज फीस्ट! "काकू, सोमवारी मटकीची उसळ होती, श्रीखंड कधी वाढलंत?" मग याने डेटाबेस उलटापालटा केला, तारखांचे फॉरमॅट बदलले. ती एक ओळ सोडून सगळं पाहिलं.

वार == ही तुलना फक्त "रविवार"शी होते. ऑरच्या उजवीकडे नुसता "गुरुवार" उरतो आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) पायथन खरीच धरतो. (जावाचा कंपायलर ही ओळ घेतच नाही.) वार == दोन्हीकडे लिहा, नाहीतर इन वापरून वार दोन्हींच्या यादीत आहे का ते बघा. मी तर अशी अट आधी प्रिंट करून बघतो. सोमवारी ही प्रिंट केली असती तर ट्रू-फॉल्सऐवजी चक्क "गुरुवार" छापून आलं असतं. आणि तपासायचं ते आधी फीस्ट नसलेल्या वारी. पण एवढा धीर कुणाला? एकदा बरोबर उत्तर आलं की लॅपटॉप मिटून चहाला पळायचं असतं.

दुसरी चूक नकाराची. फीस्ट नसलेले दिवस हवेत म्हणून लिहितात : वार != "रविवार" ऑर वार != "गुरुवार". (!= म्हणजे समान नाही.) ही अट सातही दिवस खरी! रविवारी डावी बाजू पडते, पण उजवी उभी असते. इथे अँड हवा. 1806 साली मदुराईत जन्मलेल्या गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांचा नियम हाच : नॉट कंसाच्या आत नेला की ऑरचा अँड होतो. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरला हा नियम घडाघडा लिहिणारी मुलं कोड लिहिताना तो साफ विसरतात. मी सरळ होकारी अट लिहितो, तिला कंस घालतो आणि बाहेर नॉट लावतो.

एकाच अटीत दोन्ही आले तर अँड आधी, ऑर नंतर सुटतो. पाठ करू नका, कंस टाका; कंसाला पैसे पडत नाहीत.

सी भाषेत इफमध्ये एकच = लिहिलं तर तुलना होत नाही, किंमत बदलते. जीसीसी या सीच्या कंपायलरला -वॉल (-Wall) हा पर्याय लावा, तो बजावतो. पण वॉर्निंग वाचायची असते, वर सरकवायची नसते.

जावात अँडसाठी वापरायच्या && च्या जागी एकच & टाकू नका. हजर != 0 && बिल / हजर > 100 यात हजर (जेवायला आलेल्यांची संख्या) शून्य असेल तर && तिथेच थांबतो. & उजवी बाजूही सोडवायला जातो आणि शून्याने भागून प्रोग्रॅम आडवा होतो. अटींची अदलाबदल केलीत तर && सुद्धा वाचवणार नाही.