घाटाची वेळ आधी ठरवा, निघायची नंतर

मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तिथीवर नसते. देवीचा कौल झाला की तारीख जाहीर होते आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लागोपाठ दोन गोष्टी येऊन पडतात: जत्रेची तारीख आणि कोकण रेल्वेचं वेटिंग. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं गाडीनेच जातो. पुण्याहून सिंहगड रोड, कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली. नवरा, मी, सासूबाई, दोन मुलं आणि एक जुनी पेट्रोल गाडी. स्टिअरिंगवर बहुतेक मीच.

पहिली एक-दोन वर्षं सगळे करतात तसंच आम्ही केलं. नऊला निघालो, साताऱ्यात चहा, कोल्हापुरात सावकाश जेवण, अंबाबाईचं दर्शन. सव्वासातला दाजीपूरच्या जंगलात होतो. वळण घेतलं तर हेडलाइटमध्ये चार पांढरे मोजे दिसले. मोजेच. वर काहीच नाही, नुसता अंधार. मग तो अंधार हलला तेव्हा कळलं की गवा आहे. गव्याचे पाय गुडघ्यापासून खाली पांढरे असतात, बाकीचं अंग काळोखात काळं. मी वीस-पंचवीसच्या वेगात होते म्हणून गाडी थांबली. तो शांतपणे पलीकडे गेला, मागून आणखी तिघे गेले. आम्ही डिपर खाली करून, हॉर्नला हात न लावता पाच मिनिटं नुसते बसून राहिलो. असं कधी झालं तर तुम्हीही तेच करा. पहिला गेला म्हणून गाडी काढू नका, मागे कळप असतो.

त्या रात्रीपासून मी प्रवास उलटा आखते. जत्रा बहुतेकदा फेब्रुवारीच्या आसपास येते, तेव्हा सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे चारपर्यंत फोंड्यात उतरलेलं असायला हवं. कोल्हापूर ते कणकवली जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण त्याला चार तास धरा. तेव्हा कोल्हापूर बाराला सोडायचं. पुणे-कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. हायवेची कामं, टोलनाके आणि एक नीट थांबा धरून सहा तास. म्हणजे घरातून पहाटे साडेपाचला निघायचं. तुमचा रस्ता वेगळा असेल, आंबोली असेल, कुंभार्ली असेल. हिशोब हाच. सगळ्यात अवघड तुकडा कोणता ते बघा, तो दिवसाउजेडी कधी पार व्हायला हवा ते ठरवा आणि तिथून मागे मागे या. मॅप दाखवतो ती वेळ पोटात अन्न नसलेल्या आणि लघवीला न जाणाऱ्या माणसाची असते. तिच्यात दर तीन तासांना पाऊण तास मिळवा.

कोल्हापूरनंतर शंभर किलोमीटरला चार तास का, तर ऊस. जत्रा येते तेव्हा कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागे दिवा असलाच तर धुळीने झाकलेला. ओव्हरटेक करताना एक ट्रॉली धरून हिशोब करू नका. दुसरी असतेच. समोरचा रस्ता लांबवर स्वच्छ दिसत नसेल तर मागेच राहा, पण उसाला चिकटून नको. मोळी सुटून रस्त्यावर पडलेली मी पाहिलेली आहे.

आता गाडी. आठ दिवस आधी बघा, आदल्या दिवशी नाही. आदल्या दिवशी बिघाड सापडला तर तुम्ही तो दुरुस्त करत नाही, देवाचं नाव घेऊन निघता.

टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांच्या पुढे शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतं. पाच-सहा वर्षांपुढचं असेल तर जाणत्याला दाखवा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर बाद, खाचांमधले छोटे उंचवटे पृष्ठभागाला टेकले की तेच समजायचं. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो आणि तिथे बऱ्याचदा दोन आकडे असतात, मोकळ्या गाडीचा वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा. पाच माणसं आणि डिकीभर सामान म्हणजे दुसरा. हवा थंड टायरमध्ये भरायची, शंभर किलोमीटर पळवून आल्यावर मोजली तर आकडा फसवतो.

आणि स्टेपनी. एका वर्षी कऱ्हाडच्या अलीकडे मागचा टायर बसला. सर्व्हिसिंग चारच दिवसांपूर्वी झालं होतं, कागदावर सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. डिकीतलं सगळं सामान रस्त्याकडेला मांडून खालची स्टेपनी काढली तर अंगठ्याने दबत होती. त्याहून वाईट म्हणजे चाकाचे नट गॅरेजमध्ये मशीनने इतके आवळले होते की पान्यावर नवरा उभा राहिला तेव्हा पहिला हलला. तेव्हापासून निघण्याआधीच्या रविवारी आम्ही पार्किंगमध्ये एक चाक खरोखर काढून परत लावतो. अर्धा तास जातो. क्रम असा: हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या चाकाला दगड. मग चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे आणि त्यानंतर जॅक. उलट केलंत तर चाक हवेत गरगर फिरतं आणि नट तसाच. मातीत जॅक रुतू नये म्हणून डिकीत वीतभर फळी असू द्या. आमच्याकडे सासूबाईंच्या मोडक्या पोळपाटाचा अर्धा भाग आहे.

बाकी गोष्टी पटकन. कूलंट गाडी थंड असताना बघा, तापलेलं झाकण उघडाल तर वाफ तोंडावर येते. वायपर, सगळे दिवे, बॅटरीचं वय. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकरमध्ये चालतं, पण दाजीपूरला रेंज येते-जाते, तेव्हा आधीच उतरवून ठेवा. मॅपही तसाच. फास्टॅगमध्ये पैसे. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३, अँब्युलन्सला १०८, बाकी कशालाही ११२.

घाट सुरू आहे का, हे मात्र मॅपला विचारू नका. एसटीला विचारा. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते आणि त्यांची ही युक्ती अजून चुकलेली नाही: आगाराच्या चौकशी खिडकीला फोन करायचा आणि 'आज कोल्हापूरची गाडी कुठल्या घाटाने गेली' एवढंच विचारायचं. एसटी ज्या घाटाने जाते, तो आपला. पावसाळ्यात दरडीमुळे आणि इतर वेळी कामांमुळे घाट बंद होतात, आणि हे गगनबावड्याला पोहोचल्यावर कळून उपयोग नसतो.

उतार कसा उतरायचा हेही बाबांचंच. शेजारी बसून ते एकच वाक्य म्हणायचे, "चढाचो गिअर तोच उताराचो." जो चढ दुसऱ्यात चढला असता, तो उतार दुसऱ्यातच. गाडीला इंजिन धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे लोक असतात. त्यांच्या मागेपुढे राहू नका. सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर आधी जळका वास येतो, मग पेडल मऊ लागतं. वास आला की लगेच सुरक्षित जागा बघून थांबा आणि वीस-पंचवीस मिनिटं ब्रेक निवू द्या. वर पाणी ओतू नका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर 'डी'मध्येच उतरू नका, खालचा गिअर धरून ठेवायची सोय बहुतेक गाड्यांत असते, ती घरीच शोधून ठेवा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नियम आहे, उपकार नाही.

सामान भरण्याबद्दल एकच आग्रह: पुढे पायाशी काहीही सुटं नको. फोंडा घाटात एकदा पाण्याची बाटली माझ्या सीटखालून घरंगळत आली आणि ब्रेकखाली अडकली. टाचेने मागे ढकलली तेवढ्यात वळण आलं. आता बाटल्या दारात, बाकी सगळं डिकीत. जड खाली, आणि धोक्याचा त्रिकोण, टॉर्च, पाणी सगळ्यात वर. मागच्यांनाही पट्टा. सासूबाईंना पट्ट्याने साडी चुरगळते ही तक्रार होती, मऊ टॉवेल मध्ये घातल्यावर मिटली.

खायला दशम्या. आमच्याकडे कणीक पाण्यात नाही, दुधात भिजवतात, त्यामुळे दोन दिवस मऊ राहतात. शेंगदाण्याची सुकी चटणी, काकडी, संत्री. धाकट्याला गाडी लागते. त्याला निघताना उपाशी ठेवत नाही, अर्धी दशमी देते. मोबाइल बंद, खिडकी थोडी उघडी, दाढेखाली आवळासुपारी, आणि घाटात खाली न बघता लांब समोर बघायचं. तरीही दोन जाड पिशव्या हाताशी असतात, कारण मी आशावादी आहे पण मूर्ख नाही.

कोल्हापुरात जाताना तांबडा-पांढरा खायचा नाही. हे ऐकून नवऱ्याचा चेहरा दरवर्षी पडतो. पण पोटभर मटण-भात आणि वर बाराचं ऊन म्हणजे राधानगरीपर्यंत डोळे मिटलेच. झोप येतेय असं वाटलं तर गाणी लावून, तोंडावर पाणी मारून ती जात नाही. कडेला, पंपावर नाहीतर धाब्याच्या आवारात गाडी लावा आणि वीस मिनिटं झोपा. त्याआधीची रात्र जास्त महत्त्वाची. चालवणाऱ्याने बॅगा भरायच्या नाहीत, दहाला झोपायचं. आमच्याकडे हा नियम मीच केला आणि त्याचा फायदाही मीच घेते.

जत्रेत गाडी नेऊ नका. कणकवलीत मावशीच्या अंगणात लावा आणि जादा एसटीने जा. आंगणेवाडीच्या वाटेवर त्या दिवशी गाड्यांची अशी रांग लागते की चालणारी माणसं पुढे जाऊन ओटी भरून परत येतात. आणि रात्रभर जागून पहाटे परतीला लागू नका. एक दिवस जास्त रजा टाका, झोपा, सोलकढी प्या.

परत निघताना डिकीत तांदूळ, नारळ, कोकमं कोंबण्याआधी स्टेपनीची हवा पुन्हा बघा, नंतर ती दिसणारही नाही. नारळ पोत्यात बांधून. घाट सकाळी चढायचा, कोल्हापुरात साडेबाराला, आणि मग तांबडा, पांढरा, जे हवं ते, मला. नवऱ्याने मात्र दही-भात, कारण तिथून पुढे गाडी त्याची. मी मागे सासूबाईंच्या शेजारी, पट्टा लावून. साताऱ्यापर्यंत कोणी उठवायचं नाही.